बोलायचं बंद झालेलं गॉरगार

राजारामपुरीतून एक प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "काकांच्या शाहूपुरीतल्या गोदामात विल्यम्स कंपनीचं १९७९ सालचं गॉरगार हे पिनबॉलचं, म्हणजे उतरत्या मैदानावर पोलादी गोळा उडवत गुण मिळवायच्या खेळाचं यंत्र सापडलं. दिवे लागतात, बॉल सुटतो, फ्लिपर (बटण दाबून बॉल परतवायची पाती) हलतात. आवाजाच्या जागी नुसती घरघर आहे आणि यंत्र बोलत नाही. जुना साउंड बोर्ड काढून आवाजाच्या फायली वाजवणारा नवा बोर्ड बसव आणि ब्लूटूथ स्पीकर जोड, असं एकानं सुचवलंय. करू का? आणि मुळात त्या काळात हे यंत्र आवाज काढायचं कसं?"

एवढ्यात तरी करू नका. तुमचा बोर्ड बहुतेक मेलेला नाही, उपाशी आहे. घरघर येते याचा अर्थ अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर जिवंत आहेत आणि त्यांना मिळणारी वीज स्वच्छ नाही. हे दुरुस्त होतं आणि कोल्हापुरात होतं. रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर आणि पुढं व्हिडिओ गेमची खोकी उघडण्यात माझी तीसेक वर्षं गेली. या पिनबॉल यंत्रांएवढा जीव दुसऱ्या कशात गुंतला नाही, म्हणून जरा लांबड लावून सांगतो.

आधी जिवाचं. हे यंत्र अमेरिकेच्या ११५ व्होल्टवर बनलेलं असू शकतं. दिवे लागतायत म्हणजे कुणीतरी कधीतरी २३० ची सोय केली असणार, पण ती कशी केली ते डोळ्यांनी बघा. ट्रान्सफॉर्मरची जोडणी बदललीय, की बाहेर व्होल्ट कमी करणारा स्टेप-डाउन लावलाय, की कुणी काहीतरी जुगाड केलाय? अर्थिंगची तिसरी वायर तोडलेली असेल तर आधी ती जोडा. मागच्या उभ्या पेटीत गुण दाखवणारे जे केशरी आकडे आहेत, त्यांना अधिक १०० आणि उणे १०० व्होल्ट जातात, म्हणजे दोन्हींत २०० व्होल्टचा फरक. यंत्र चालू असताना तिथं बोट नको. प्लग काढल्यावरही पाच-दहा मिनिटं थांबा.

मग प्रोसेसरच्या बोर्डावर तीन पेन्सिल सेल आहेत का बघा. असले तर काढून टाका, आजच. हे सेल गळतात आणि त्यातलं रसायन तांब्याच्या रेघा खाऊन टाकतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, त्या हवेत हे खाणं आणखी जोरात चालतं. हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर तेवढा भाग पांढऱ्या व्हिनेगरनं पुसा, स्वच्छ पाण्यानं धुवा आणि पूर्ण वाळू द्या. नवे सेल लावायचे ते वायरनं बाहेर काढून, बोर्डापासून लांब.

आता आवाजाचं.

१९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक पिनबॉल यंत्रांत इलेक्ट्रॉनिक्सच नव्हतं. विजेनं उघडझाप होणारे स्विच म्हणजे रिले, पायऱ्या मोजणारे स्टेपर, गुण दाखवणारी फिरती रिळं आणि या सगळ्यांना ताल देणारी एक मोटार. आवाज यायचा धातूच्या तीन पट्ट्यांमधून. प्रत्येक पट्टीखाली एक कॉइल, म्हणजे वीज आली की चुंबक होणारी तारेची गुंडाळी, कॉइलमध्ये लोखंडी दांडा, दांड्याच्या टोकाला नायलॉनची टोपी. दहा गुण मिळाले की एक पट्टी, शंभरला दुसरी, हजाराला तिसरी. पट्ट्यांखालची पेटी तो नाद धरून ठेवायची. पाचशे गुणांचं लक्ष्य लागलं तर ती मोटार शंभराची पट्टी पाच वेळा ठोकायची, टंग टंग टंग टंग टंग, आणि त्याच ठेक्यावर रिळ पाच घरं सरकायचं. न बघता खेळणाऱ्याला कळायचं आपल्याला किती मिळाले.

माझ्याकडं असं एक रिळांचं यंत्र आलं होतं. मूळ मालकानं ते परदेशात खेळलेलं होतं. माझ्याकडून सुरू करून घेतल्यावर तो म्हणाला, सगळं बरोबर आहे, पण हे दमल्यासारखं वाजतंय. त्याचं बरोबर होतं. ती मोटार विजेच्या ठेक्यावर फिरते. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनं करते, आपल्याकडं ५०. म्हणजे मोटारीचा वेग सहात पाचच उरला आणि टंग-टंगमधलं अंतर वाढलं. आणखी एक गोष्ट होती. पट्ट्या ज्या रबरी बुशांवर बसतात ते रबर कडक झालं होतं, त्यामुळं नाद लगेच मरत होता. हलगीवाला वाजवायच्या आधी हलगी शेकोटीवर तापवून घेतो, कारण कातडं सैल असलं तर तीच काठी, तोच हात, पण आवाज बसका येतो. पट्टीचं उलटं आहे. तिला सैल, मऊ आधार लागतो. रबर बदललं आणि नाद मोकळा झाला.

हे सगळं गॉरगारच्या उत्तरात कशाला, असं वाटेल. कारण तुमच्या यंत्रात त्या पट्ट्यांचं भूत अजून राहतंय.

१९७७ च्या सुमारास कंपन्यांनी रिले काढून प्रोसेसर आणला. विल्यम्सचं त्या साली आलेलं हॉट टिप प्रोसेसरवर चालायचं, तरी आवाजाला पट्ट्याच होत्या. प्रोसेसर कॉइल ओढायचा, पट्टी वाजायची. पुढं इलेक्ट्रॉनिक आवाज आले तेव्हा विल्यम्सच्या अभियंत्यांनी नवा मार्ग खोदला नाही. कॉइल ओढणाऱ्या वायरींतल्या पाच वायरी, कॉइल क्रमांक ९ ते १३ च्या, घेतल्या आणि त्या साउंड बोर्डला नेऊन जोडल्या. मुख्य प्रोसेसरला वाटतं तो कॉइलच ओढतोय. प्रत्यक्षात पाच वायरींच्या चालू-बंद जुळणीतून एक आकडा तयार होतो. दोनाचा पाचवा घात ३२, त्यातली सगळं बंद ही स्थिती सोडली की ३१ हुकूम. ३१ हुकमांत सगळा खेळ बोलवायचा. मला ही रचना फार सुंदर वाटते. आणि दुरुस्तीत तिचा थेट उपयोग आहे, तो पुढं सांगतो.

साउंड बोर्ड म्हणजे स्वतंत्र छोटा संगणकच. त्यावर मोटोरोलाचा ६८०२ प्रोसेसर आहे. त्याच्या पोटातली तात्पुरती स्मृती फक्त १२८ बाइट. कार्यक्रमाची (प्रोग्रॅमची) चिप दोन किलोबाइटची. तुमच्या फोनवरचा एखादा लहानसा फोटोसुद्धा त्याच्या शेकडो पट मोठा असतो. त्या दोन किलोबाइटमध्ये आवाज साठवलेले नाहीत. आवाज करायच्या रीती साठवलेल्या आहेत. प्रोसेसर आकडे मोजतो आणि एकापाठोपाठ १४०८ नावाच्या चिपला देतो. ही चिप ० ते २५५ मधल्या प्रत्येक आकड्याचं तेवढ्या विजेत रूपांतर करते. आकडे वरखाली झाले की वीज वरखाली, वीज वरखाली झाली की स्पीकरचा कागद पुढंमागं. आकडे झरझर बदलले तर तीक्ष्ण शीळ, सावकाश बदलले तर घुमारा, गणितात मुद्दाम गडबड घातली तर स्फोट. हे काम करणाऱ्यांत तेव्हा विल्यम्समध्ये असलेला यूजीन जार्विस होता, ज्यानं पुढं व्हिडिओ गेममध्ये मोठं नाव कमावलं. त्याच १९७९ साली स्टीव्ह रिचीनं रचलेल्या फ्लॅश या यंत्रात पहिल्यांदा सलग पार्श्वध्वनी आला. बॉल खेळात आहे तोवर खाली एक आवाज चालूच, आणि तो वर वर चढत जातो. त्याआधी यंत्र ठोकलं की वाजायचं. आता ते श्वास घ्यायला लागलं.

गॉरगारमध्ये तो श्वास म्हणजे हृदयाचे ठोके. खेळ लांबला की ठोके वाढत जातात आणि खेळणाऱ्याचे पण. बॅरी ऑर्सलरनं रचलेलं हे यंत्र बोलणारं पहिलं पिनबॉल म्हणून ओळखलं जातं. चौदा हजार यंत्रं निघाली. शब्द किती? सात. गॉरगार, स्पीक्स, मी, गॉट, यू, बीट, हर्ट. एवढेच सात शब्द उलटेपालटे जोडून तो राक्षस धमकावतो, कण्हतो, चिडवतो. 'मी गॉट यू' हे त्याचं वाक्य मराठी पोरांना न शिकवता कळतं, कारण त्याचा 'मी' आपल्या 'मी'सारखाच ऐकू येतो आणि अर्थही तोच निघतो. एका लग्नघरी मी हे यंत्र लावलं होतं, तिथं पाच-सहा वर्षांची मुलं दिवसभर ते वाक्य म्हणत फिरत होती.

सातच शब्द का, याचं कारण स्मृतीची किंमत. बोलण्यासाठी वेगळा छोटा बोर्ड आहे, तो चपट्या रिबन वायरनं साउंड बोर्डला जोडलेला असतो. त्याची पद्धत समजून घ्या, कारण ती ऐकू येते. साध्या पद्धतीनं आवाज साठवायचा तर क्षणाक्षणाची उंची लिहून ठेवावी लागते. इथं उंची लिहीतच नाहीत. दर ठोक्याला फक्त एक प्रश्न: वर की खाली? एक बिट. आणि चिप हुशार आहे. सलग तीन वेळा 'वर' आलं तर तिला कळतं की चढ मोठा आहे, ती पावलं मोठी टाकायला लागते. उत्तरं आलटूनपालटून यायला लागली की पावलं लहान करते. अंधारात जिना चढणारा माणूस हेच करतो. सेकंदाला १६ हजार बिट धरले तर एका सेकंदाच्या बोलण्याला दोन किलोबाइट लागतात. म्हणजे चार किलोबाइटच्या एका चिपमध्ये जेमतेम दोन सेकंद. त्या काळी चिपचे भाव बघता सात शब्द ही चैन होती.

या पद्धतीत आवाजाला एक खरखरीत कड येते, कारण पावलं कधी उंचीला गाठत नाहीत, कधी ओलांडतात. कुणा गायिकेचा आवाज असा साठवला असता तर कान विटले असते. पण बोलणारा आहे राक्षस. त्याच्या घशाला ती खरखर शोभते. तंत्राची जी उणीव होती तिच्या मापाचं पात्र निवडलं, याला मी उत्तम रचना म्हणतो. पुढच्याच वर्षी बॅली कंपनीच्या झेनॉनला सुझान चियानी या संगीतकार बाईंनी आवाज दिला आणि सगळा मामला वेगळ्या दिशेनं गेला, पण तो विषय आज नको.

आता तुमच्या नव्या बोर्डाच्या प्रश्नाकडं. साउंड बोर्डवर प्रोसेसर एकच आहे आणि बोलण्याचे बिटही तोच एकेक करून ढकलतो. म्हणजे तो एका वेळी एकच काम करू शकतो. गॉरगार बोलायला लागला की हृदयाचे ठोके थांबतात. बॉलला उडवून लावणाऱ्या बंपरची किंकाळी आली की मधला सूर तुटतो. कुठला आवाज कुणाला तोडणार, कुठला कुणासाठी थांबणार, हे ठरवूनच तो कार्यक्रम लिहिलाय. खेळताना असं होतं: बॉल खड्ड्यात शिरतो, खालचं चुंबक त्याला धरून ठेवतं, तुमचे हात बटणांवर अधांतरी, सगळा गलका एकदम थांबतो आणि त्या मोकळ्या जागेत तो राक्षस बोलतो. ती मोकळी जागा म्हणजेच अर्धा परिणाम आहे. फायली वाजवणारा बोर्ड चार आवाज एकावर एक सहज वाजवतो, आणि नीट बांधला नसेल तर तेच करतो. मग ठोकेही चालू, किंकाळीही चालू, त्यात शब्द बुडून जातो. मी असा बदल केलेलं एक यंत्र ऐकलंय. आवाज स्वच्छ होता आणि खेळात दम नव्हता.

ब्लूटूथचं तर नावच काढू नका. ब्लूटूथवर आवाज पोचायला साधारण एक ते दोन दशांश सेकंद उशीर होतो. गाणं ऐकताना काही बिघडत नाही. इथं बॉल ८० ग्रॅमचा पोलादी गोळा आहे, २७ मिलिमीटर व्यासाचा. तो सेकंदाला दोन मीटर वेगानं जातोय असं धरा. दोन दशांश सेकंदात चाळीस सेंटिमीटर गेला. त्याचं मैदान सगळं मिळून लांबीला मीटरभर. म्हणजे लक्ष्याला लागल्याचा आवाज येईतो बॉलनं जवळपास निम्मं मैदान कापलेलं. हात कानाच्या भरवशावर चालतात, त्यांचा घात होतो.

आणखी एक. या यंत्राचा सगळा आवाज स्पीकरमधून येतच नाही. बंपरला बॉल लागला की कॉइल एक धातूचं कडं खाली खेचते, ते बॉलला चिमटून उडवतं, तो 'धप्' लाकडात घुमतो. फ्लिपर तर गॉरगारमध्ये प्रोसेसरला विचारतही नाहीत. बटण दाबलं की वीज सरळ कॉइलमध्ये, मधे फक्त खेळ चालू असल्याची परवानगी देणारा रिले. म्हणून त्यांचा ठोका बोटासारखाच तात्काळ येतो. आणि फुकट खेळ मिळाला की नॉकर नावाची कॉइल पेटीच्या लाकडावर एकच दणका देते. अख्ख्या खोलीला कळतं कुणीतरी जिंकलं. बहुतेक जुन्या यंत्रांत स्पीकर पेटीच्या तळाशी असतो, त्यामुळं इलेक्ट्रॉनिक आवाज आणि लाकडाचे दणके एकाच पोटातून येतात. आवाज बाहेरच्या डब्यातून काढला की हे दोन संसार वेगळे होतात. जुन्या स्पीकरला तीक्ष्ण सूर फारसे पेलत नाहीत, तेही इथं पथ्यावर पडतं. त्या एक-बिटी बोलण्यातली वरची सरसर तो गिळून टाकतो. चांगला आधुनिक स्पीकर ती तुमच्यापुढं मांडून ठेवेल.

दुरुस्ती आता क्रमानं सांगतो, पण क्रम तुमच्या कानावर अवलंबून आहे.

घरघर कशी आहे ते ऐका. आवाजाचं बटण कमी-जास्त केल्यावर घरघर बदलते का? यंत्राचं पुढचं दार उघडल्यावर आत ते फिरवायचं बटण सापडेल. फिरवताना खरखर झाली तर आधी तेच साफ करा, चाळीस वर्षांची धूळ आहे. त्यानंतर वीजपुरवठा. या साउंड बोर्डाला ट्रान्सफॉर्मरकडून कच्ची वीज येते आणि तिची सरळ वीज तो स्वतःच करतो. त्यासाठी त्याच्यावर वीज साठवून सपाट करणारे मोठे कंडेन्सर असतात. एवढ्या वर्षांत त्यांच्या आतलं द्रव्य सुकतं आणि घरघर सुरू होते. आपल्याकडं ही घरघर १०० आवर्तनांची असते. ती नेमकी ५० ची, जास्त खोल वाटली तर कंडेन्सरबरोबर वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे डायोडही तपासा, एखादा उघडा पडलेला असतो. नवे कंडेन्सर तेवढ्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टेजचे घ्या, १०५ अंश उष्णता सोसणारे मागा, अधिक-उणे दोनदा बघून बसवा. मग मीटरनं पाच व्होल्ट बघा. ४.९ ते ५.१ मध्ये असतील तर पुढं जा. यात हजार रुपयेही जात नाहीत. तुमचं यंत्र इथंच बरं होण्याची शक्यता मला जास्त वाटते.

साउंड बोर्डवर चाचणीचं छोटं बटण आहे. ते दाबल्यावर बोर्ड आपणहून आवाज काढून दाखवतो, मुख्य प्रोसेसरला न विचारता. इथं दोन वाटा फुटतात. चाचणीत सगळे आवाज नीट आले आणि खेळताना चुकीचे आले, तर बोर्ड निर्दोष आहे आणि दोष त्या पाच वायरींच्या वाटेवर आहे. एक वायर तुटली तर ३१ पैकी निम्म्याहून थोडे जास्त हुकूम बदलून पोचतात, म्हणजे लक्ष्याला मारल्यावर भलताच आवाज येतो. बहुतेक वेळा वायर तुटलेली नसतेच. मुख्य बोर्ड आणि कॉइल चालवणारा ड्रायव्हर बोर्ड यांना जोडणारा चाळीस टाचण्यांचा जोड या काळच्या विल्यम्स यंत्रांची जुनी दुखरी जागा आहे. टाचण्यांचं सोल्डर तडकतं, भिंगाखाली बारीक गोल चीर दिसते. जुनं सोल्डर काढून नवं भरा, जोड शक्य तर नवाच बसवा. मग दिवे, कॉइल यांचे आणखी चार भुताटकीचे दोषही आपोआप जातील.

बाकीचे आवाज येतात आणि बोलणं तेवढं येत नाही, अशी वेळ आली तर ती रिबन वायर आधी काढून परत घट्ट बसवा. मग बोलण्याच्या बोर्डवरच्या चिप्स सॉकेटमधून किंचित उचलून परत दाबा. पाय काळे पडलेले असतात, खोडरबरानं हलकेच पुसा. ठरावीक एकच शब्द फाटका येत असेल तर त्या शब्दाची स्मृती-चिप गेलीय. सगळेच शब्द नुसती सरसर असतील तर दोष 'वर की खाली' वाचणाऱ्या त्या एक-बिटी चिपचा.

स्फटिकाची एक गोष्ट सांगतो, कारण आपल्याकडं ही चूक हमखास होते. साउंड बोर्डला ताल देणारा स्फटिक ३.५८ मेगाहर्ट्झचा आहे. अमेरिकन रंगीत टीव्हीत तोच असायचा, म्हणून तिकडं तो स्वस्त होता. आपल्या रंगीत टीव्हीत ४.४३ चा असायचा. एका यंत्रात कुठल्यातरी टीव्ही मेकॅनिकनं तो बसवला होता. बसतो बरोबर, यंत्र चालतंही. पण सगळं जवळपास चोवीस टक्के जास्त वेगानं. षड्जाच्या जागी शुद्ध गंधाराच्या अगदी जवळचा सूर, आणि राक्षस पोरासारखा बोलायला लागला. शिवाय ६८०२ ची मर्यादा १ मेगाहर्ट्झ आहे. तो स्फटिकाला चारानं भागतो, ३.५८ ला ०.८९ येतात, ४.४३ ला १.१ च्या वर जातो, मग तापलेल्या दुपारी यंत्र मधेच अडकायचं. योग्य स्फटिक कुठं मिळाला? बटणाच्या जुन्या टेलिफोनमध्ये. बटणांचे सूर काढणाऱ्या चिपला हाच ३.५८ चा लागतो. भंगारवाल्याकडं असे फोन अजून मिळतात.

कॉइल जळलेली असेल तर परदेशातून मागवायच्या आधी उद्यमनगरात मोटार वाइंडिंगवाल्याकडं जा. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःचा सिनेकॅमेरा घडवला, तिथं एक कॉइल गुंडाळायला अडू नये. कॉइलच्या कागदावरच कृती लिहिलेली असते. उदाहरणार्थ एसए-२३-८५०-डीसी म्हणजे २३ गेजची तार, ८५० वेढे. पण इथं सावध. तो २३ अमेरिकन गेज आहे, ०.५७ मिलिमीटर. आपल्या दुकानातलं २३ गेज बहुतेक ब्रिटिश मापाचं, ०.६१ मिलिमीटर. तेवढे वेढे त्या तारेनं बॉबिनवर मावत नाहीत आणि मावले तरी वीज जास्त ओढतात. वाइंडरला गेज सांगूच नका, मिलिमीटर सांगा. कॉइलच्या दोन टोकांवरचा डायोड होता त्याच दिशेनं परत लावा. तो राहून गेला तर कॉइल सुटताना उलटी मारलेली वीज, आणि उलटा लागला तर कॉइलला टाळून सरळ धावणारी वीज ड्रायव्हर बोर्डवरचा ट्रान्झिस्टर घेऊन जाते. माझ्याकडून सुरुवातीला एकदा झालंय, तेव्हापासून काढायच्या आधी फोटो घेतो.

स्पीकरचा कागद ओलीनं फुगला असेल तर गणपतीच्या मंडळांना साउंड देणारे लोक ज्यांच्याकडं कोन बदलून घेतात त्यांच्याकडं न्या. जड, जाड कोन टाकू देऊ नका. हलका कागदी मागा. आणि स्विचच्या पट्ट्यांवर कानस चालवायचा मोह टाळा. मैदानावरच्या स्विचना सोन्याचा पातळ थर असतो, एका घासणीत जातो. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी कापून दोन पट्ट्यांमधून ओढा, तेवढं पुरे. फ्लिपरखालचा स्विच मात्र कानशीनं साफ करायचा, कारण तिथं टंगस्टन असतं आणि जोराची वीज तोडताना ते काळं पडतं. तो स्विच महत्त्वाचा आहे. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक जोराची, एक धरून ठेवण्यापुरती. पातं वर पोचलं की हा स्विच जोराची गुंडाळी तोडतो. तो उघडला नाही तर कॉइल मिनिटभरात धुमसते.

यंत्र उभं करताना मैदानाचा उतार बघा. जुन्या यंत्रांना साधारण साडेतीन अंश पुरतात, नंतरच्या काळातली साडेसहावर खेळतात. पाय उंच करून वेगवान करायचा मोह होतो. गॉरगारला थोडं सावकाश राहू द्या, त्या ठोक्यांना चढायला वेळ मिळतो.

कुठलंही काम हाती घ्यायच्या आधी एक गोष्ट करा: बोर्डवरच्या सगळ्या स्मृती-चिप्स वाचून त्यांची प्रत ठेवा. वाचणारं यंत्र माझ्याकडं आहे, घेऊन या. चिप्स साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आणू नका, स्थिर विजेनं मरतात. अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात टोचून आणा, आणि कुठली कुठल्या सॉकेटातली ते लिहून ठेवा. नवी चिप लागली तर लक्षात असू द्या, २५३२ आणि २७३२ दोन्ही चार किलोबाइटच्या, दोन्ही चोवीस पायांच्या, दिसायला सारख्या, पण पायांची मांडणी वेगळी. दुकानदार एकीच्या जागी दुसरी देईल, घेऊ नका. रविवार सोडून कधीही या, कंडेन्सर मी काढून ठेवतो.